आधी मुलाला काय हवंय ते पाहा

"त्याला गाडी फार आवडते," अम्मी सांगते. थेरपिस्ट गाडी पुढे करते. मूल तिच्याकडे बघतही नाही, टेबलावरच्या स्टीलच्या चमच्याकडे हात नेतं. ज्या घरात मूल उशिरा बोलतं, तिथं हे नवीन नाही. अम्मी खोटं बोलत नाही. पण आज त्याला काय हवंय हे त्यालाच ठाऊक. आणि जी वस्तू नकोच आहे, ती मागायला ते तोंड का उघडेल?

आवड ओळखण्याची एक सोपी पद्धत आहे. पाच-सहा वस्तू ओळीने मांडायच्या आणि म्हणायचं, "एक घे." मुलानं उचललेली वस्तू थोडा वेळ त्याला खेळू द्यायची, मग बाजूला ठेवायची. उरलेल्यांच्या जागा बदलून पुन्हा विचारायचं. जागा बदलल्या नाहीत, तर नेहमी उजवीकडचीच वस्तू उचलणाऱ्या मुलाची सवय आपण आवड समजून बसतो. डीलिऑन आणि इवाटा या अमेरिकन संशोधकांनी ही पद्धत १९९६ मध्ये मांडली. दोन-दोन वस्तूंच्या जोड्या दाखवण्याची पद्धत त्याआधीची. पण सहा वस्तूंच्या पंधरा जोड्या होतात, तोवर मूल कंटाळतं.

परदेशात स्पीच थेरपीच्या विद्यार्थ्यांना हे संगणकावर शिकवण्याचे प्रयोग झाले आहेत. व्हिडिओत बरोबर आणि चुकीची कृती दिसते, नोंदीचा तक्ता भरायचा असतो, मध्येच प्रश्न येतात. धडा घरी बसून कितीही वेळा बघता येतो. मात्र रडणारं, टेबलाखाली शिरणारं मूल पडद्यावर सांभाळता येत नाही. त्यासाठी आधी मुलाचं सोंग घेतलेल्या मोठ्या माणसासोबत, मग खऱ्या मुलासोबत सराव हवाच.

आपल्याकडे वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत (स्थापना १९८३) स्पीच थेरपिस्ट घडतात, मुलांवर उपचारही होतात. अशा ठिकाणी जाताना आई-वडिलांनी दोन गोष्टी आधीच सांगाव्यात. घरात मूल पाण्याला 'पानी' ऐकतं की 'पाणी'? आणि खाऊचं काय? बक्षीस म्हणून कधी जेलीच्या गोळ्या देतात. त्यात बहुधा जिलेटिन असतं, ते हलाल असेलच असं नाही. संकोच नको; बी काढून बारीक कापलेला खजूर डब्यात न्या.

ही तपासणी एकदा करून भागत नाही. ईदला नवं खेळणं आलं की चमचा मागे पडतो.