बंद पडलेल्या कंपनीचा चालू गेम

१६ नोव्हेंबर २००४ रोजी अमेरिकेत दोन गेम एकाच दिवशी विक्रीला आले. पहिला व्हॉल्व्ह कंपनीचा ‘हाफ-लाइफ २’. त्याची गेमप्रेमी कित्येक वर्षे वाट पाहत होते. दुसरा ट्रॉइका या कॅलिफोर्नियातल्या छोट्या कंपनीचा ‘व्हॅम्पायर : द मॅस्करेड – ब्लडलाइन्स’. दोन्ही एकाच इंजिनावर उभे होते, ते इंजिन व्हॉल्व्हचे होते, आणि व्हॉल्व्हचा गेम येईपर्यंत ट्रॉइकाने थांबायचे असा करार होता. व्हायचे तेच झाले. २००५मध्ये ट्रॉइका बंद पडली. मागे उरला तो घाईने बाजारात आलेला, चुकांनी भरलेला, पण संवाद आणि पात्ररेखाटनात आजही सरस मानला जाणारा एक रोल-प्लेइंग गेम.

रोल-प्लेइंग गेममध्ये खेळाडूने एक पात्र घडवायचे, त्याच्या तोंडून बोलायचे, आणि त्याच्या निवडीप्रमाणे कथेला वळण लागायचे. एकेक डाव कित्येक आठवडे पुरतो, आणि संपला की वेगळे पात्र घेऊन पुन्हा खेळावासा वाटतो. म्हणून वीस-वीस वर्षांनी लोक या गेमांकडे परततात. पुस्तक कपाटातून काढले की वाचता येते. गेमचे तसे नाही. तो ज्या विंडोजसाठी लिहिला ती विंडोज आता नसते, आणि दुरुस्तीला कंपनीही नसते. अशा गेमांना आज अनेकदा विंडोजपेक्षा लिनक्सवर अधिक भरवशाचा आसरा मिळतो. हे विचित्र वाटेल, पण त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

गेमच्या फाइलीत प्रोसेसरला दिलेल्या सूचना असतात : बेरीज कर, तुलना कर, इकडचे उचलून तिकडे ठेव. इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर त्या थेट पाळतो. वर विंडोज आहे की लिनक्स, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. अडते ते दुसरीकडे. फाइल उघडणे, विंडो दाखवणे, आवाज काढणे ही कामे गेम स्वतः करत नाही, विंडोजकडून करून घेतो. प्रत्येक कामाला ठरलेले नाव असते आणि ती नावे डीएलएल नावाच्या फाइलींत राहतात. लिनक्सवर त्या नावाने हाक मारली तर ओ द्यायला कोणी नसते. ‘वाइन’ तेवढेच करते. त्याच नावांच्या डीएलएल नव्याने लिहून ठेवते आणि आलेले काम लिनक्सच्या पद्धतीने उरकून देते. संगणकाच्या पोटात दुसरा खोटा संगणक उभा करण्याचा हा प्रकार नाही. ‘वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर’ असा या नावाचा विस्तारच सांगितला जातो. त्यामुळे वेगही फारसा मार खात नाही.

ऐकायला सोपे. पण १९९३मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाची १.० ही आवृत्ती निघायला जून २००८ उजाडला. १९९४पासून अलेक्सांद्र ज्युलियार त्याची धुरा वाहत आहेत. एवढा वेळ लागण्याचे कारण असे की, एखादे फंक्शन काय करते ते मायक्रोसॉफ्टचे दस्तऐवज सांगतात. त्याला भलतीच किंमत दिली तर ते कसे वागते, हे बऱ्याचदा सांगत नाहीत. आणि जुने गेम नेमके त्या न लिहिलेल्या वागण्यावर विसंबलेले असतात. त्यातून मायक्रोसॉफ्टचा मूळ कोड पाहिलेल्याने वाइनमध्ये लिहायचे नाही, असा दंडक आहे. तेव्हा छोटी चाचणी लिहायची, खऱ्या विंडोजवर चालवून उत्तर नोंदवायचे, आणि वाइन तेच उत्तर देईपर्यंत झटत राहायचे. विंडोजचे दोषसुद्धा दोषांसकट उतरवावे लागतात.

गेमांच्या बाबतीत खरे दुखणे चित्रांचे होते. त्रिमितीय दृश्यांसाठी विंडोजचे गेम डायरेक्टथ्रीडीशी बोलतात. वाइन त्याचे भाषांतर ओपनजीएलमध्ये करी, आणि दोहोंची घडण वेगळी असल्याने कित्येक गेम अडखळत. २०१६मध्ये व्हल्कन आले. फिलिप रेबोले या प्रोग्रामरला ‘निअर : ऑटोमाटा’ हा गेम लिनक्सवर खेळायचा होता, त्यासाठी त्याने डायरेक्टथ्रीडीचे व्हल्कनमध्ये भाषांतर करणारे ‘डीएक्सव्हीके’ लिहायला घेतले. ऑगस्ट २०१८मध्ये व्हॉल्व्हने वाइन आणि डीएक्सव्हीके एकत्र बांधून ‘प्रोटॉन’ काढले. डायरेक्टथ्रीडीची नववी पिढी डीएक्सव्हीकेत डिसेंबर २०१९मध्ये आली. आठवी, म्हणजे २००२च्या ‘मॉरोविंड’ची, थेट २०२४मध्ये. ज्या कंपनीच्या गेमने ब्लडलाइन्सला झाकोळले, तिच्याच पैशावर चाललेल्या कामामुळे तो आज लिनक्सवर सुखाने चालतो. व्हॉल्व्हला काही ट्रॉइकाची दया आलेली नव्हती. आपले दुकान मायक्रोसॉफ्टच्या अंगणात आहे, ही भीती होती.

मग खुद्द विंडोजवर काय बिघडते? १९९७च्या ‘फॉलआउट’सारखे गेम २५६ रंगांचे. विंडोज ७मध्ये अशा गेमांच्या रंगपेटीत दुसराच प्रोग्राम हात घाली आणि चित्रे भलत्याच रंगांत रंगत. काही गेमांची सीडी खरी आहे ना, हे तपासणारे सेफडिस्क कुलूप विंडोजच्या गाभ्यात बसत असे. सुरक्षेला धोका म्हणून २०१५मध्ये विंडोज १०ने ते नाकारले, आणि रीतसर विकत घेतलेल्या सीडी निकामी झाल्या. नव्वदीतल्या कित्येक गेमांचे इन्स्टॉलर तर १६ बिटांचे; ६४ बिटांची विंडोज ते उघडतच नाही. ३२ बिटांच्या जुन्या पद्धतीच्या वाइनमध्ये ते चालतात. कुलपापुढे मात्र वाइनचेही फारसे चालत नाही, म्हणून कुलूप नसलेली प्रत मिळत असेल तर तीच घ्यावी.

(हे केवळ गेमांपुरते नाही. जुन्या पेजमेकरसाठी आणि त्याच्या फाँटसाठी एक म्हातारा संगणक जपून ठेवलेले छापखाने आपल्याकडेही आहेत.)

प्रत्यक्ष करताना एक पथ्य पाळावे : प्रत्येक गेमला वाइनचे वेगळे घर द्यावे. या घराला प्रीफिक्स म्हणतात. त्यात त्या गेमपुरता सी ड्राइव्ह आणि रजिस्ट्री असते. एका गेमसाठी केलेला बदल दुसऱ्याला बाधत नाही. चाहत्यांनी केलेले पॅच आणि मॉड कधी कधी स्वतःची डीएलएल घेऊन येतात. अशा वेळी आपली नको, गेमच्या फोल्डरमधली आधी घे, असे वाइनला सांगावे लागते. ते न सांगता ‘मॉड चालत नाही’ म्हणून डोके धरून बसणारे पुष्कळ. दुसरी खोच फाइलींच्या नावांची. विंडोजला मोठी आणि छोटी इंग्रजी अक्षरे सारखीच, लिनक्सला वेगळी. वाइन फोल्डर चाळून जुळणारे नाव शोधते. पण लिनक्सच्या फाइल मॅनेजरने मॉड उतरवला, तर एकाच नावाची दोन फोल्डर शेजारी शेजारी तयार होतात आणि गेमला त्यातले एकच दिसते.

सारे जमले की घराची नक्कल करून ठेवावी. नव्या संगणकावर ती तशीच उचलून नेता येते. फक्त जतन केलेले डाव कुठे जातात ते आधी पाहावे. नुसत्या वाइनमध्ये गेमचे ‘माय डॉक्युमेंट्स’ सहसा आपल्या लिनक्सच्या डॉक्युमेंट्स फोल्डरला जोडलेले असते, त्यामुळे ‘ऑब्लिव्हियन’चे डाव घराबाहेर राहतात आणि नक्कल करताना मागे सुटतात. ब्लडलाइन्स आपले डाव स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवतो.