पावसाचा गोलंदाज?

डेरेक अंडरवूडचं नाव निघालं की जुनी माणसं आधी पावसाची गोष्ट सांगतात. पाऊस पडून गेलेला, वर ऊन आलेलं, खेळपट्टी सुकत चाललेली आणि केंटचा हा डावखुरा चेंडू मागत उभा. १९६३मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, पहिल्याच मोसमात त्याने शंभर बळींचा टप्पा गाठला. पदार्पणाच्या मोसमात इतक्या लहान वयात ते कुणालाच जमलं नव्हतं.

म्हणायचं स्पिनर, पण चेंडूला उंची देऊन फलंदाजाला पुढे ओढणं हे काम बेदीचं. अंडरवूड चांगला लांबून धावत यायचा, जवळजवळ मध्यमगतीने टाकायचा आणि बोटांनी चेंडू कापायचा. टप्पा हलायचा नाही. कोरड्या खेळपट्टीवर धाव निघायची नाही. ओलीवर तोच चेंडू उसळून ग्लोव्हजवर यायचा. मागे यष्ट्यांना खेटून अ‍ॅलन नॉट.

ऑगस्ट १९६८, ओव्हल, इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी. शेवटच्या दिवशी वादळी पावसाने मैदानाचं तळं झालं. प्रेक्षक उतरले आणि कर्मचाऱ्यांबरोबर पाणी टिपू लागले. खेळ सुरू झाला तेव्हा सव्वा तास उरला होता, ऑस्ट्रेलियाचे पाच गडी शिल्लक होते, आणि खेळपट्टी मेलेली. जोडी काही केल्या फुटेना. शेवटी बॅसिल डॉलिव्हिएराने जार्मनचा त्रिफळा उडवला आणि मग पुढचे चार अंडरवूडने २७ चेंडूंत उचलले. पाच-सहा मिनिटं बाकी होती. शेवटच्या बळीच्या गाजलेल्या छायाचित्रात सगळे क्षेत्ररक्षक फलंदाजाभोवती कोंडाळं करून दिसतात. ५० धावांत ७ बळी.

पण ‘पावसाचा गोलंदाज’ हा शिक्का मला कधी पटला नाही, आणि त्याचा पुरावा आपल्याच मैदानांवर आहे. १९७६-७७च्या हिवाळ्यात, जिथे पावसाचा प्रश्नच नव्हता, त्याने पाच कसोटींत २९ बळी घेतले. इंग्लंडने मालिका ३-१ जिंकली. चर्चा मात्र इंग्लंडचा वेगवान गोलंदाज लिव्हर चेंडूला व्हॅसलीन लावतो, या आरोपाची झाली. शेवटच्या, वानखेडेवरच्या कसोटीत गावसकरने १०८ केल्या खऱ्या, पण कसोटी क्रिकेटमध्ये अंडरवूडने त्याला एकंदर बारा वेळा बाद केलं. गावसकरसारख्या तंत्रशुद्ध माणसाला बारा वेळा चकवायला नुसती ओल पुरत नाही.

त्याच वर्षी तो पॅकरच्या समांतर क्रिकेट मालिकेत गेला, मग इंग्लंड संघात परतला. फेब्रुवारी १९८२मध्ये कोलंबोत श्रीलंकेची पहिलीवहिली कसोटी झाली. तिथे त्याने आठ बळी घेतले. एकूण झाले २९७. तीनशेसाठी तीन हवे होते. पण लगेच तो बंडखोर संघाबरोबर वर्णभेदामुळे बहिष्कृत असलेल्या दक्षिण आफ्रिकेत गेला आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. कसोटी कारकीर्द तिथेच आटोपली. ज्या डॉलिव्हिएराने ओव्हलवर दार उघडून दिलं, त्याच्याच वर्णावरून त्या देशाने १९६८मध्ये इंग्लंडचा दौरा नाकारला होता. पैशाची गरज वगैरे समजू शकतं. तरी हे पान वाचताना मन खट्टू होतं.

तोवर कौंटीतही दिवस पालटले होते. १९८१पासून खेळपट्ट्या पूर्ण झाकायला लागले. तरी तो १९८७पर्यंत केंटसाठी टाकत राहिला. प्रथम श्रेणीत २,४६५ बळी, सरासरी वीसच्या जरा वर.

हेस्टिंग्जचं मैदान त्याचं खास लाडकं असावं. ससेक्सविरुद्ध १९६४मध्ये तिथे २८ धावांत ९, १९७३मध्ये ९ धावांत ८. आणि १९८४मध्ये, चाळिशीला टेकलेला असताना, नाइट वॉचमन म्हणून येऊन त्याने तिथेच १११ धावा काढल्या. आयुष्यातलं एकमेव शतक! मैदान आता नाही, त्या जागी शॉपिंग सेंटर उभं आहे. क्रिकेटची आठवण म्हणून तिथे एक पुतळा बसवलाय. तो फलंदाजाचा.