नव्या माशाचे चार आठवडे

दुकानातल्या काचेमागे पर ताठ ठेवून फिरणारा, दाण्यावर धावणारा मासा पाहिला की तो ठणठणीत आहे असं आपण धरून चालतो आणि घरी आणून त्याच संध्याकाळी जुन्या माशांत सोडतो. आठवड्यानं टाकीतले मासे दगडांना अंग घासू लागतात, एकेक करून तरंगू लागतात, आणि दोष पाण्याला दिला जातो. नवा मासा मात्र मोठा प्रवास करून आलेला असतो. शोभेच्या माशांची आपल्याकडची मोठी पैदास पश्चिम बंगालमध्ये आणि चेन्नईच्या कोळत्तूर भागात होते. तिथून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून, ठोक व्यापाऱ्यांच्या टाक्यांमधून तो मिरजेसारख्या गावी पोचतो. वाटेत किती टाक्यांचं पाणी आणि किती माशांचा सहवास त्याला मिळाला, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. म्हणून त्याला आधी महिनाभर वेगळं ठेवावं, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. मिरजेला ही गोष्ट परकी नाही. डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल इथे १८९४ मध्ये उभं राहिलं आणि क्षयावर नेमकं औषध नव्हतं त्या काळात गावाबाहेर वानलेसवाडीला क्षयरोग्यांचं आरोग्यधाम झालं. रुग्णाला वेगळं ठेवण्यामागचा विचार या गावाने फार जवळून पाहिला आहे.

महिनाच का, याचं उत्तर पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात आहे. हा रोग इक्थिओफ्थिरियस नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. आपल्याला ठिपका दिसतो तो कातडीच्या आत शिरून खात बसलेला जीव. तिथे त्याला पाण्यातलं औषध लागत नाही. पोट भरलं की तो गळून तळाला जातो, भोवती आवरण तयार करतो आणि आत विभागत राहतो. एकाचे कित्येक शे, कधी हजारपर्यंत जीव होतात. ते पोहत बाहेर पडतात, आणि साधारण एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषधाला तो सापडतो तो प्रामुख्याने याच थोड्या वेळात. हे सगळं चक्र पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर आठवडाभरात पुरं होतं, गार पाण्यात त्याला कित्येक आठवडे लागतात. मिरजेत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे चांगलीच थंडी पडते आणि हीटर नसलेल्या टाकीचं पाणी त्याबरोबर उतरतं. मे महिन्यात आठ दिवसांत उघडा पडणारा रोग तेव्हा दीर्घकाळ दडून राहू शकतो. शिवाय काही माशांत तो फक्त कल्ल्यांत असतो, अंगावर एकही ठिपका नसतो. त्यामुळे नुसत्या नजरेने केलेल्या पारखीवर विसंबता येत नाही. दिवस जाऊ देणं हीच इथली खरी तपासणी.

यावर पहिली हरकत जागेची आणि खर्चाची असते. ती रास्त आहे, पण वाटते तेवढी मोठी नाही. गप्पी, मॉली किंवा छोट्या गोरामीसाठी २०-३० लिटरचा प्लॅस्टिकचा टब, हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, लपायला मातीच्या कुंडीचा तुकडा आणि वरून जाळी एवढ्यावर भागतं. खरी अडचण अमोनियाची. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडतो, त्याचं नायट्रेट करणारे जीवाणू नव्या टबात नसतात आणि ते जमायला आठवडे जातात. म्हणून हा स्पंज आधी महिनाभर मोठ्या टाकीत चालवून घ्यावा. टबातून मात्र तो धुऊन, कडक वाळवल्याशिवाय परत टाकीत नेऊ नये. जाळी आणि नळीही वेगळी हवी, कारण ओल्या जाळीबरोबर रोग एका टाकीतून दुसरीत जातो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला हायपोचे खडे वापरावेत.

मासा टबात सोडतानाही एक सवय मोडायला हवी. लांबून आलेल्या पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पाणी आम्लधर्मी होतं, आणि त्या आम्लतेमुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निसटतो, आम्लता उतरते आणि अमोनिया जहाल बनतो. त्यामुळे उघड्या पिशवीत तासभर थोडं थोडं पाणी घालत बसणं लांबच्या प्रवासानंतर अपायकारक ठरू शकतं. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवावं, मग मासा जाळीने उचलून टबात सोडावा आणि पिशवीतलं पाणी फेकून द्यावं.

दुसरी हरकत अशी की वेगळं ठेवण्यापेक्षा सरळ मोठ्या टाकीत औषधाचे थेंब टाकले तर काय बिघडलं? बरंच बिघडतं. मिथिलीन ब्लू फिल्टरमधल्या उपयोगी जीवाणूंना मारतं, म्हणजे रोग टाळायला जाऊन अमोनिया ओढवून घेणं झालं. प्रतिजैविकांचं तर याहून गंभीर आहे. शोभेच्या माशांच्या वाहतुकीच्या पाण्यात अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू संशोधकांना आढळले आहेत, आणि रोगाचं निदान नसताना कॅप्सूल फोडून टाकीत टाकण्याने त्यांनाच बळ मिळतं. टबात पाणी थोडं, झाडं नाहीत, त्यामुळे गरज पडलीच तर मॉली किंवा गोल्डफिशला लिटरमागे दोन-तीन ग्रॅम साधं मीठ चालतं. कॅटफिश आणि लोचला मात्र मीठ सोसत नाही.

चार आठवड्यांनी सगळंच कळतं असंही नाही. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा माशांच्या क्षयाचा जीवाणू महिनोन्‌महिने दबून राहतो. हातावर जखम असताना टाकीत हात घातला तर तो माणसाच्या कातडीतही शिरतो आणि बोटावर न भरणारी गाठ उठते. अशी गाठ आली तर घरात मासे आहेत हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. दिवसेंदिवस खंगत जाणारा, पाठ वाकलेला मासा महिना उलटला तरी मोठ्या टाकीत जाऊ नये. आणि दया येऊन तो कृष्णेतही सोडू नये. १९८८ मध्ये ईशान्येकडून भारतात शिरलेल्या, माशांच्या अंगावर खोल व्रण पाडणाऱ्या रोगाने पुढे देशभरच्या नद्या-तळ्यांतल्या मरळीसारख्या माशांचं आणि त्यांवर जगणाऱ्या कोळ्यांचं किती नुकसान केलं, हे नोंदलेलं आहे. टबातलं पाणी बागेच्या मातीत जिरवावं, ओढ्यात किंवा नदीत नाही.