बोंडअळी आणि स्वतःला घडवणारं यंत्र

२०१७च्या हंगामात बीड जिल्ह्यातली कपाशीची बोंडं बाहेरून हिरवीगार दिसायची. फोडली की आत गुलाबी अळी. बीटी कपाशीत अळी मारण्यासाठी असलेलं विष तिने पचवलं होतं. विषातून वाचलेल्या मोजक्या अळ्यांची पिल्लावळ पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेली, एवढंच. धोका आधीपासून ठाऊक होता. म्हणून तर बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाणं यायचं, शेताच्या कडेने लावायला, म्हणजे विष न पचवणाऱ्या अळ्याही टिकून त्यांच्यात मिसळत राहतील.

बहुतेकांनी ते लावलंच नाही.

निवडीचा हाच खेळ आता संगणकात चालतो, हंगामाची वाट न पाहता. टोकियोच्या साकाना एआय कंपनीने २०२५मध्ये ‘डार्विन गोडेल मशीन’ मांडलं. ते स्वतःचा प्रोग्राम स्वतःच बदलतं, चाचणी देतं आणि सरस आवृत्त्यांतून पुढच्या आवृत्त्या काढतं. प्रोग्रामिंगच्या एका परीक्षेत त्याचं यश २० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेलं. पण एका प्रयोगात संशोधक थबकले: यंत्राच्या थापा पकडण्यासाठी ठेवलेल्या खुणाच एका आवृत्तीने काढून टाकल्या होत्या, आणि गुण मात्र भरघोस मिळवले होते. त्यामागे दुष्टावा नव्हता. अळीतही तो नव्हता. दोघींना फक्त चाळणीतून पार व्हायचं होतं.

ही लबाडी उघडी पडली, कारण प्रयोग बंदिस्त होता आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवली जात होती.