एक मासा, नावे अनेक



गोव्यातला माणूस हैदराबादच्या मासळीबाजारात जाऊन ‘चोणक’ मागू लागला, तर मासेवाली मान हलवील. तिच्या टोपलीत चोणक असला तरीही! कारण ती त्याला ‘पंडुगप्पा’ म्हणते. मासा तोच, भाषा बदलली की नाव बदलते.

या माशाची निरनिराळी नावे आम्ही येथे देत आहोत :

मराठी – जिताडा
कोंकणी – चोणक
तेलुगू – पंडुगप्पा
तमिळ – कोडुवा
मल्याळम – काळांजी, नरीमीन
बंगाली – भेटकी, बांगलादेशात कोरल
सिंहली – मोदा
मलय – सियाकाप

ऑस्ट्रेलियात यालाच ‘बारामुंडी’ म्हणतात. हा शब्द तेथील क्वीन्सलंडच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला असून ‘मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा’ असा त्याचा अर्थ सांगतात. गळाला लागला की हा मासा पाण्याबाहेर उसळी मारतो व जोराने ओढतो. म्हणून हौशी गळकऱ्यांचा तो फार आवडता आहे.

इतकी नावे पडण्याचे कारण माशाच्या राहणीत आहे. समुद्र, खाडी, नदी, गोडे तळे अशा सर्व पाण्यांत तो राहू शकतो. अंडी मात्र तो खाडीच्या मुखाजवळ खारट पाण्यातच घालतो. त्यामुळे इराणच्या आखातापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या किनाऱ्यांवर तो सापडतो आणि प्रत्येक किनाऱ्याने त्याला आपापले नाव दिले. गोव्याच्या खाजण शेतांत मानशीच्या पाण्याबरोबर तो आत येतो. रायगड जिल्ह्यात खारभूमीतले शेतकरी शेततळ्यात जिताडा वाढवतात.

नावाच्या घोटाळ्याने नुकसान कसे होते?

पहिले नुकसान तळ्यात. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने 1997 साली या माशाचे बीज हॅचरीत तयार करण्यात यश मिळवले. तेव्हापासून बीज दूरदूर जाऊ लागले. समजा, ‘भेटकी’ हे नाव ऐकून कोणी बीज आणले आणि रोहू-कटला यांच्या बोटुकल्यांबरोबर एकाच तळ्यात सोडले. हा मासा मांसाहारी आहे. तो ती बोटुकली गिळतो. इतकेच नव्हे, तर आपल्याहून लहान भावंडेही खातो. म्हणून पिल्ले आकारानुसार वेगळी करावी लागतात. शिवाय हॅचरीतले पिल्लू खाऱ्या पाण्यातले असते. ते गोड्या तळ्यात एकदम सोडू नये. मीठ हळूहळू कमी करीत त्याला सवय लावावी.

दुसरे नुकसान बाजारात. कापून सोललेल्या तुकड्यांत मासा ओळखू येत नाही. ‘बासा’ हा स्वस्त मासा कित्येकदा भेटकीच्या नावाने ग्राहकाच्या गळ्यात मारला जातो. बासा मागुराच्या जातवळीचा, अंगावर खवले नसलेला मासा आहे. त्यातही जिताड्याला इंग्रजीत ‘सीबास’ म्हणतात. ‘बास’ आणि ‘बासा’ कानाला सारखेच लागतात.

मग खरा जिताडा कसा ओळखावा? अखंड मासा पाहावा. डोक्याची वरची रेषा डोळ्यापाशी खोलगट असते. तोंड मोठे, जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेला. खालचा जबडा किंचित पुढे. खवले मोठे, अंग रुपेरी आणि शेपटी गोलाकार. ताजेपणासाठी कल्ले लाल आहेत ना, डोळे स्वच्छ व फुगीर आहेत ना, हे पाहावे. बोटाने दाबल्यास मांस परत वर आले पाहिजे.

बीज विकत घेताना मात्र डोळ्यांवर विसंबू नये. इवलेसे पिल्लू ओळखणे कठीण. अशा वेळी शास्त्रीय नाव कामी येते. ते सर्व देशांत एकच आहे : लेटिस कॅल्कॅरिफर. पावतीवर बोलीतले नाव आणि हे नाव, अशी दोन्ही लिहून घ्यावीत. पिल्ले कोणत्या खारटपणाच्या पाण्यात वाढली, हेही विचारावे.

आपल्या बोलीतले नाव टाकून द्या, असे आमचे म्हणणे नाही. घरात चोणक म्हणा, जिताडा म्हणा. पैसे मोजताना मात्र शास्त्रीय नाव विसरू नका.