ज्यांचे राज्यच उरले नाही असे मंत्री

6 मार्च 1952 रोजी हैदराबादेत बुर्गुला रामकृष्ण राव यांच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. शपथ दिली राजप्रमुख मीर उस्मान अली खान यांनी, म्हणजे खुद्द सातव्या निजामाने. समोर उभ्या असलेल्यांतले कित्येक जण त्याच निजामाच्या राजवटीत तुरुंग भोगून आले होते. ज्या स्टेट काँग्रेसवर त्याच्या सरकारने 1938 मध्ये स्थापनेआधीच बंदी घातली, तिचेच लोक आता त्याचे मंत्री झाले. भारतात सत्तांतरे पुष्कळ झाली, पण इतका विलक्षण शपथविधी मला दुसरा ठाऊक नाही.

मराठवाड्यातल्या कंधारच्या माणसासाठी हे आपले पहिले लोकनियुक्त सरकार. मुंबई, पुण्याला 1937 पासूनच निवडून आलेल्या मंत्र्यांची सवय होती. मराठवाड्याला 15 ऑगस्ट 1947 उजाडला तो निजामाने आपले राज्य स्वतंत्र ठेवण्याच्या हट्टाने. पुढचे तेरा महिने निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र रझाकारांचे. कंधार तालुक्यातली कल्हाळीची गढी त्यांच्याशी लढली. भारतीय फौजेच्या कारवाईपुढे 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद शरण आले. त्या कारवाईला आमच्याकडची जुनी माणसे अजून 'पोलीस ॲक्शन' म्हणतात.

पण लोकांचे सरकार लगेच आले नाही. आधी जनरल जयंतनाथ चौधरी यांचा लष्करी अंमल, मग एम. के. वेल्लोडी या सनदी अधिकाऱ्याचा कारभार. 26 जानेवारी 1950 पासून तेच मुख्यमंत्री, कुणीही निवडून न दिलेले. जून 1950 मध्ये त्यांच्या मंत्रिमंडळात चार काँग्रेसजन घेतले गेले: बुर्गुला, फूलचंद गांधी, विनायकराव विद्यालंकार आणि व्ही. बी. राजू. चौघांतले दोघे मराठी. फूलचंद गांधी धाराशिवकडचे. विनायकराव हे केशवराव कोरटकरांचे चिरंजीव. गुरुकुल कांगडीत शिकून मग बॅरिस्टर झालेले.

1952 च्या निवडणुकीत 175 पैकी 93 जागा काँग्रेसला मिळाल्या. सोळा जिल्ह्यांच्या त्या राज्यात तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारी माणसे होती आणि दप्तर उर्दूत होते. मंत्रिमंडळातही या चारही भाषांचे लोक बसले. मुख्यमंत्री बुर्गुला तेलुगू, पण शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, त्यामुळे मराठी त्यांना परकी नव्हती. मेहदी नवाज जंग, के. व्ही. रंगा रेड्डी, तरुण चेन्ना रेड्डी, कन्नड भागातले अण्णाराव गणमुखी, मराठवाड्यातले दखनीचे अभ्यासक देवीसिंग चौहान. पुढे शिक्षण खाते सांभाळायला गोपाळराव एकबोटे आले, जे नंतर आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. विधानसभेच्या अध्यक्षपदी काशिनाथराव वैद्य. स्वामी रामानंद तीर्थ मात्र मंत्रिमंडळाबाहेर राहिले आणि लोकसभेत गेले. हैदराबादचा मुक्तिलढा ज्यांच्या नावाने ओळखला गेला ते बाहेर आणि बुर्गुला आत, ही गटांची ओढाताण त्या मंत्रिमंडळाला शेवटपर्यंत पुरली.

नांदेड जिल्ह्याला सर्वांत जवळचे नाव गृहमंत्री दिगंबरराव बिंदू यांचे. भोकरच्या महाविद्यालयाला आज त्यांचेच नाव आहे. पेशाने वकील. स्वामीजी तुरुंगात असताना कृती समितीची धुरा त्यांनी वाहिली आणि सरहद्दीवरच्या छावण्यांतून लढा चालवला. ज्यांच्या मागे पोलीस होते त्यांच्याच हाती पोलीस खाते आले. सहा महिनेही झाले नव्हते, तोच सप्टेंबर 1952 मध्ये मुल्की आंदोलन पेटले. वेल्लोडींच्या काळात मद्रासकडून शिक्षक, कारकून, पोलीस आणले गेले होते. इथल्या शिकलेल्या मुलांना नोकरी नव्हती. सिटी कॉलेजच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. चौकशी न्यायमूर्ती पिंगळे जगन्मोहन रेड्डी यांच्याकडे सोपवली गेली. बिंदूंविषयी मला मनापासून आदर आहे, आणि तरीही हा गोळीबार त्यांच्या खात्याच्या नावावर आहे, हे लिहिल्यावाचून त्यांचा परिचय पुरा होत नाही. तक्रार रास्त होती. ज्या नेमणुकांवरून ती उठली त्या या मंत्रिमंडळाने केल्या नव्हत्या, पण गोळी याच्याच राजवटीत सुटली.

हातही पूर्ण मोकळे नव्हते. हैदराबाद हे 'ब' वर्गाचे राज्य. घटनेच्या तेव्हाच्या 371 व्या कलमाने अशा राज्यांवर केंद्राची देखरेख होती. राज्याचा स्वतःचा हाली शिक्का आणि भारताचा कलदार, असे दोन रुपये बाजारात चालत. सात हालीला सहा कलदार, हा हिशेब प्रत्येक आडत्याच्या तोंडी होता. हाली चलनातून काढण्याचे किचकट काम याच सरकारच्या काळात झाले.

खरी कसोटी जमिनीची होती. जहागिऱ्या 1949 मध्येच लष्करी सरकारने मोडल्या होत्या आणि कूळवहिवाटीचा कायदा 1950 मध्ये वेल्लोडींच्या कारकिर्दीत आला. तो कायदा 1954 च्या दुरुस्तीने धारदार केला तो बुर्गुलांच्या सरकारने. संरक्षित कुळाला मालकी मिळण्याची वाट त्यातून निघाली. एका कुटुंबाला पुरेल एवढ्या जमिनीचे माप ठरवून त्यावरून आधीच ताब्यात असलेल्या जमिनीलाही कमाल मर्यादा घालण्याचे तत्त्व आले. देशात असे धाडस तेव्हा फार थोड्या सरकारांनी केले होते, आणि हे तर स्वतःच्या पक्षातल्या देशमुखांना दुखवून करायचे होते. अंमल कच्चा राहिला. बटईने कसणाऱ्या कित्येकांची नावे कागदावर आलीच नाहीत. कुठे कुळाकडूनच 'राजीखुशीने' जमीन सोडल्याचे लिहून घेतले गेले. पण ज्यांचे नाव लागले त्यांच्या घरात पुढच्या पिढ्या उभ्या राहिल्या. त्याच काळात, 1954-55 साली, तयार झालेले खासरा पत्रक आजही मराठवाड्यातल्या वादात पहिल्यांदा मागितले जाते. जमीन कुणाच्या ताब्यात होती, कोण कसत होते, याचा तो आधार. तहसीलमध्ये नक्कल काढायला येणाऱ्या शेतकऱ्याला बुर्गुला हे नाव ठाऊक नसते, पण त्याच्या हातातला कागद त्यांच्या राजवटीतला असतो.

या सरकारने आमच्या भागाला सगळे दिले, असे म्हणण्याचा प्रश्नच नाही. शेतकरी कामगार पक्षाने 1952 मध्ये दहा जागा जिंकल्या त्या उगाच नव्हेत. कंधारने पुढे केशवराव धोंडगे यांच्यासारखा विरोधी बाकांवरचा माणूस पुन्हा पुन्हा निवडून पाठवला. विधानसभेत भांडणारा प्रतिनिधी असू शकतो, ही गोष्टच निजामाच्या रयतेला नवी होती, आणि कंधारने ती लवकर ओळखली.

मंत्रिमंडळाच्या अखेरच्या वर्षात कारभारापेक्षा वाटणीचीच चर्चा जास्त. राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 मध्ये अहवाल दिला आणि हैदराबादचे तीन तुकडे होणार हे स्पष्ट झाले. मराठी आमदारांना मराठी राज्यात जायचे होते, त्यासाठी आपले सरकार संपले तरी चालणार होते. ज्या सभागृहात निवडून आलो ते विसर्जित व्हावे म्हणून झटणारे लोकप्रतिनिधी क्वचितच सापडतील. त्यांचे मला मोठेपण वाटते ते इथे. 31 ऑक्टोबर 1956 ला मंत्रिमंडळही संपले, निजामाचे राजप्रमुखपदही आणि हैदराबाद राज्यही. बुर्गुला केरळचे राज्यपाल झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात नांदेडचे शंकरराव चव्हाण उपमंत्री झाले. 1954 च्या दुरुस्तीसह हैदराबादचा कूळ कायदा मात्र मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात आला, नंतर महाराष्ट्रात राहिला, आणि कुळांचे खटले त्याच कायद्याखाली चालत राहिले.