ॲपवर ४ अंश, मग गवतावर बर्फ कसा? कॅम्परव्हॅनवाल्यांनो, आधी हे वाचा

डिसेंबर उजाडला की धुळे-जळगावचे व्हॉट्सॲप ग्रुप वेदर ॲपच्या स्क्रीनशॉटने भरून जातात. धुळ्यात पारा कधी कधी ५-६ अंशांच्याही खाली येतो, रावेर-यावलचे केळीवाले धास्तावतात, आणि शेजारच्या नंदुरबारमधून, सातपुड्यातल्या डाब-तोरणमाळकडून दव गोठल्याचे फोटो येतात. मग कुणीतरी विचारतंच: ॲप तर शून्याच्या वर दाखवतंय, मग बर्फ आला कुठून?

प्रश्न भारी आहे. कारण भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन हिवाळ्यात मनाली-स्पितीला निघायचं असेल, तर तुमच्या टाकीचं आणि पाइपांचं काय होणार हे याच उत्तरावर ठरतं.

हवामान केंद्रातला थर्मामीटर जमिनीपासून वर, सावलीच्या पेटीत असतो. तो हवेचं तापमान सांगतो. ॲप तर बऱ्याचदा तेही देत नाही, कॉम्प्युटर मॉडेलने काढलेला आसपासच्या काही किलोमीटरचा अंदाज देतं. पण निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उघड्यावरचं गवत, गाडीचा टप, गच्चीवरचा पाइप आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडत राहतात आणि हवेपेक्षा काही अंशांनी जास्त थंड होतात. म्हणून ॲपवर ३-४ अंश असतानाही गवतावर बर्फ दिसू शकतो.

आता उलटी गंमत. ॲपमध्ये ‘फील्स लाइक उणे ५’ दिसलं की लोक घाबरतात. तो आकडा माणसाच्या कातडीसाठी आहे, पाइपसाठी नाही. हवा २ अंश असेल तर नुसत्या वाऱ्याने कोरडा पाइप २ च्या खाली जात नाही, फक्त तिथे लवकर पोचतो.

मग आपल्याकडे टाक्या का गोठत नाहीत? साधा हिशोब करू. गच्चीवरच्या १००० लिटरच्या टाकीतलं २० अंशांचं पाणी शून्यावर आणायला सुमारे २३ युनिट उष्णता बाहेर जावी लागते. नंतर ते सगळं गोठायला आणखी ९३ युनिट. एका रात्रीत हे शक्य नाही, सकाळी ऊन येतंच. पण १४ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या बारीक नळीत मीटरभर लांबीला जेमतेम १५० मिलिलिटर पाणी मावतं. ते केव्हाच गार होतं. म्हणून आधी पाइप गोठतो, टाकी नंतर. व्हॅनमध्ये तर गाडीखाली लटकलेले पाइप, व्हॉल्व्ह आणि सांडपाण्याची टाकी सगळ्यात आधी सापडतात.

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. पण पाइप बऱ्याचदा बर्फाच्या जागी फुटत नाही. बर्फाचा बुच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब वाढत जातो आणि कमजोर जॉइंट फुटतो. नळ उघडा असेल तर हा दाब सुटतो. घरी रात्रभर बारीक धार सोडून चालतं. व्हॅनमध्ये नाही, कारण सकाळपर्यंत चांगल्या पाण्याची टाकी रिकामी आणि सांडपाण्याची भरलेली.

फोम गुंडाळला की झालं, असं बरेच जण समजतात. फोम उष्णता तयार करत नाही, जायला उशीर लावतो, बस्स. काझ्यात जानेवारीत रात्री उणे २० च्या आसपास जाते, तिथे फोम काही तासांचाच सोबती. हीटिंग पॅड लावायचा तर बॅटरी बघा: १०० वॅटचा पॅड सलग १२ तास चालला तर १.२ युनिट, म्हणजे १२ व्होल्टची १०० एएच बॅटरी जवळपास साफ. म्हणून माझं मत सरळ आहे. इतक्या थंडीत व्हॅनची प्लंबिंग वापरूच नका. मनालीच्या आधीच दोन्ही टाक्या रिकाम्या करा (सांडपाणी रस्त्यावर नको, सोय असेल तिथेच), गीझर बंद करून त्याचंही पाणी काढा, सगळे नळ आणि शॉवर उघडा, पंप काही सेकंद चालवून उरलेलं पाणी बाहेर काढा. प्यायचं पाणी आत, झोपता तिथे, कॅनमध्ये ठेवा.

आणि एक गोष्ट जिवावरची आहे. गोठू नये म्हणून पाण्याच्या टाकीत गाडीचं कूलंट कधीही ओतू नका. त्यात सहसा इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोडसर लागतं आणि विषारी आहे. कॅम्परव्हॅनच्या पाइपांसाठी प्रॉपिलीन ग्लायकॉलचं वेगळं द्रव मिळतं.

फोनने पाइपचं तापमान मोजता येईल का? नाही, त्यातला सेन्सर बॅटरीचा ताप सांगतो. पण डीएस१८बी२० हा छोटा सेन्सर पाइपला टेप लावून चिकटवला आणि ईएसपी३२ बोर्डाला जोडला, तर वायफायवरून फोनवर अलर्ट येऊ शकतो. त्याची अचूकता अर्ध्या अंशाची आहे, म्हणून अलर्ट शून्यावर नको, ३ अंशांवर लावा.

तरीही पाइप गोठलाच तर आधी नळ उघडा, मग नळाच्या बाजूने सुरुवात करून हेअर ड्रायरने किंवा गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्याने हळूहळू शेकत मागे जा. स्टोव्ह, लायटर लांब ठेवा. बर्फ वितळल्यावर पंप चालू करण्याआधी प्रत्येक जॉइंटवर हात फिरवा, कारण फुटलेला पाइप गोठलेला असेपर्यंत गळत नाही.